गोल दिसणारी पिन

खरवई म्हटलं की लोकांना केमिकलच्या कंपन्या आठवतात. एमआयडीसी आली, बारवी धरणाचं पाणी आलं आणि शेतांच्या बांधाला शेड उभ्या राहिल्या. पण आमच्या आळीतल्या पोरांचे डबे एमआयडीसीकडे कमी आणि बदलापूर स्टेशनकडे जास्त जायचे. कुणी अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये, कुणी विम्कोत काड्यापेटीच्या कामाला, कुणी शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये. मी अंबरनाथच्या आयटीआयमधून टर्नर होऊन १९७४ साली मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात लागलो आणि सदतीस वर्षं तिथेच राहिलो. पहिली पाळी सातची. सव्वापाचची लोकल चुकली की अर्धा दिवस गेला.

संपादकांनी मोटारीच्या पार्टच्या उद्योगाचा आढावा मागितला आहे. तो घ्यायचा तर १९५३ पासून घ्यावा लागेल. त्या वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की परदेशातून खोकी आणून इथे नुसत्या गाड्या जोडणाऱ्यांना यापुढे जागा नाही. गाडी इथे बनवण्याचा कार्यक्रम असेल तरच राहा. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंदांनी काढलेली कुर्ल्याची प्रीमियर राहिली, आणि फियाटचा एकेक पार्ट इथे करून घेणं तिला भाग पडलं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, शॉकअब्सॉर्बर, ब्रेकचे पाइप, सगळं. मुलुंडला गॅब्रिएल १९६१ साली आली ती याच लाटेत. कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत रेल्वेच्या दोन्ही अंगांनी शेडच शेड झाल्या, आणि त्या शेडना माणसं पुरवली ती कल्याणच्या पुढच्या स्टेशनांनी.

याच १९५३ साली अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली. आढावे लिहिणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट हमखास निसटते. पार्टचा कारखाना काढायला भांडवल लागतं, परवाना लागतो, हे सगळे लिहितात. पण हजारावा भाग मोजणारा हात कुठून येतो? आमच्याकडे तो अंबरनाथहून आला. तिथल्या सरकारी कारखान्यांत तयार झालेल्या मिस्त्र्यांनी आपली पोरं, पुतणे, शेजारचे असे कितीतरी जण या धंद्यात आणले. मलाही अशाच एका शेजारच्या काकांनी मायक्रोमीटर धरायला शिकवला, त्यांच्या ओसरीवर, सायकलच्या बॉलवर.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९६१ साली मुंढव्याला भारत फोर्ज, मग पिंपरीला टेल्को, नाशिकला मायको, पंचाऐंशीत बजाज वाळूजला आणि तिच्यामागून एंड्युरन्स, शेवटी चाकण. आकडे वार्षिक अहवालांत मिळतात, ते इथे उतरवत नाही.

मला सांगायचं आहे ते गजन पिनबद्दल. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी ही पोकळ पोलादी पिन. बोटाएवढी, पण प्रत्येक स्फोटाचा सगळा दाब तिच्यावरून जातो. बाहेरून कडक केलेली, आतून चिवट, आणि अंगाने आरशासारखी. तिचा व्यास काही मायक्रॉनच्या आत ठेवायचा. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण पंचवीस मायक्रॉन, आणि आम्हाला त्याच्या पाचव्या हिश्श्यात काम करायचं असे. तेवढ्यातही पिनांचे गट पाडून रंगाचे ठिपके द्यायचे, म्हणजे पांढऱ्या ठिपक्याची पिन पांढऱ्या ठिपक्याच्या पिस्टनलाच बसेल.

ही पिन सेंटरलेस ग्राइंडरवर होते. जॉब कशात पकडायचा नाही. एका बाजूला घासणारं व्हील, दुसऱ्या बाजूला फिरवणारं, खाली पातं. मधून पिना एकामागून एक सरकत जातात. बघणाऱ्याला वाटतं, यात कौशल्य काय आहे? कौशल्य पात्याच्या उंचीत आहे. पिनेचा मध्य दोन्ही व्हीलच्या मध्याच्या वर हवा. तो त्याच पातळीत आला की पिनेच्या अंगावरचा उंचवटा समोरच्या बाजूला खोलगा पाडतो, तो खोलगा पुन्हा उंचवटा पाडतो, आणि बघता बघता पिन तीन कोनी होते. डोळ्याला गोल, हाताला गोल, मायक्रोमीटरलाही गोल! कारण मायक्रोमीटर समोरासमोरचे दोनच बिंदू मोजतो, आणि तीन कोनी पिनेत एका बाजूच्या कोनासमोर दुसऱ्या बाजूचा सपाट भाग येतो. कुठूनही मोजा, व्यास तोच.

आमच्याकडे एकदा अशी अख्खी लॉट परत आली. कागदोपत्री सगळं बरोबर होतं. तीन पाळ्यांच्या इन्स्पेक्टरांच्या सह्या, त्यातली एक माझी. इंजिन आवाज करतंय, एवढीच तक्रार. दोन दिवस साहेबलोक ग्राहकालाच दोष देत बसले. तिसऱ्या दिवशी आमचे ग्राइंडिंगचे म्हातारे मिस्त्री आले, त्यांनी साठ अंशांच्या व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे इंग्रजी व्हीसारखी खाच असलेल्या ठोकळ्यात, पिन ठेवली, वर डायल लावला आणि पिन हळूच बोटाने फिरवली. काटा एका फेऱ्यात तीनदा वर गेला, तीनदा खाली आला. अशा व्ही-ब्लॉकमध्ये तीन कोनांची चूक डायलवर तिप्पट होऊन दिसते. मिस्त्री मला एवढंच म्हणाले, "बाळा, तू जाडी मोजलीस. गोलाई नाही मोजलीस." ती माझी सही मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर वीस वर्षं मी एकाच गोष्टीसाठी भांडलो: प्रत्येक सेंटरलेस मशीनशेजारी व्ही-ब्लॉक आणि डायल हवा, आणि पहिली पिन ऑपरेटरने स्वतः फिरवून पाहावी. इन्स्पेक्शनवाल्याची वाट बघू नये. वरचे म्हणत, ऑपरेटर मोजत बसला तर प्रॉडक्शन कोण देणार? ग्राइंडरवरून निघालेली गरम पिन तशीच मोजू नये, यासाठीही मी भांडलो. मापाचं जगन्मान्य तापमान वीस अंश सेल्सिअस. पोलाद दर अंशाला मीटरमागे साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पार्ट आणि गेज एकाच तापमानाला येईपर्यंत थांबण्याला दुसरा उपाय नव्हता. हळूहळू मशीनमागे व्ही-ब्लॉक आले. आधी आमच्या सेक्शनला, मग सगळीकडे.

म्हणून कुणी लिहिलं की भारतात दर्जा १९८३ साली मारुतीबरोबर आला, तर मला ते सोसत नाही. मारुतीने शिस्त आणली, वेळेवर माल देणं आणलं, शेड स्वच्छ ठेवायला लावल्या. ते मी स्वतः भोगून शिकलो आणि मान्य करतो. पण मोजायची लाज आणि मोजायचा अभिमान आमच्याकडे त्याआधी होता. जपानी पद्धतींचे फलक भिंतीवर लागण्याआधी त्या म्हाताऱ्या मिस्त्र्यांचं बोट पिनेवर होतं. आमच्या कामगारांविषयी लिहिताना ब्याऐंशीचा संप आणि दत्ता सामंत यांच्यापलीकडे न जाणाऱ्यांशीही माझं तेच भांडण आहे. माणूस संपावर गेला तेव्हा दिसला, आणि बाकीची तीस वर्षं मशीनवर उभा होता तेव्हा दिसला नाही, असं कसं?

आता त्या शेड राहिल्या नाहीत. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३च्या ऑक्टोबरअखेर संपली, त्या दिवशी मी मुद्दाम मुंबईला गेलो होतो. जागा जातात, त्याचं मला एवढं दुःख नाही. पिना आजही बनतात, पूर्वीपेक्षा चांगल्या बनतात, गोलाई मोजणारी यंत्रं कागदावर आलेख काढून देतात. दुःख आहे ते शिकण्याच्या साखळीचं. १९६१च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली आमच्यासारखे आत आले आणि मिस्त्री होऊन बाहेर पडले. आता पोरं कंत्राटावर काही महिने येतात, बटण दाबायला शिकतात, हात बसायच्या आत दुसऱ्या गेटवर उभी असतात. पात्याची उंची का वाढवायची, हे त्यांना कुणी सांगत नाही, कारण सांगणारा त्यांच्याआधीच घरी बसलेला असतो.

निवृत्तीच्या दिवशी मी स्टोअरमधून एक मोडीत निघालेला व्ही-ब्लॉक रीतसर पैसे भरून घेतला. दर खंडेनवमीला तो आमच्या देवघरासमोर पाटावर असतो, शेजारी डायल आणि माझ्या त्या लॉटमधली एक पिन. या वर्षी शेजारचा मुलगा आला होता, चाकणला कामाला असतो, सुट्टीवर आलेला. "काका, ही पिन पूजेत कशाला?" मी त्याच्या हातात मायक्रोमीटर दिला. त्याने चार ठिकाणी मोजलं, चारही ठिकाणी सारखं आलं. मग पिन व्ही-ब्लॉकमध्ये ठेवायला सांगितली, डायल लावून दिला. त्याने बोटाने पिन फिरवली, काट्याकडे पाहिलं, थांबला, आणि मी काही न सांगता पुन्हा एकदा सावकाश फिरवली.