शेतात सापडलेले पट्ट्याचे टोक इतिहासाला काय सांगते?

इंग्लंडमध्ये नांगरलेल्या शेतांतून मेटल डिटेक्टरच्या साहाय्याने सापडणाऱ्या मध्ययुगीन वस्तूंमध्ये कमरपट्ट्याच्या टोकावर बसवलेले धातूचे टोपण वारंवार आढळते. बहुधा तांब्याच्या मिश्रधातूची ही लहानशी वस्तू बाजारात फारशी मौल्यवान नसते. मात्र ती नेमकी कोठे सापडली याची नोंद झाली, तर विस्मृतीत गेलेल्या वस्तीचा मागही तिच्यावरून लागू शकतो.

चामड्याच्या किंवा विणलेल्या पट्ट्याचे टोक उसवू नये, ते बकलमधून सहज सरकावे आणि वजनामुळे सरळ लोंबावे, यासाठी हे टोपण रिव्हेटने जोडले जात असे. त्याच्या घडणीवरून काळ ओळखता येतो. नवव्या शतकातील अँग्लो-सॅक्सन टोपणांच्या टोकाशी बहुधा प्राण्याचे मुख कोरलेले असते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत दोन पातळ पत्र्यांमध्ये दुभागलेला सांगाडा बसवण्याची पद्धत आढळते. काहींच्या टोकाला ओकच्या फळासारखा गोळा असतो.

धातूवरून सामाजिक दर्जाही कळत असे. १३६३ मध्ये इंग्लंडच्या संसदेने पोशाखविषयक कायदा करून कारागिरांना सोन्याचांदीचे कमरपट्टे वापरण्यास मनाई केली होती. हा कायदा अल्पावधीतच मागे घेण्यात आला.

नांगरटीमुळे शेतातील वरच्या मातीचे थर विस्कटलेले असतात. त्यामुळे तेथील वस्तूंच्या बाबतीत सापडल्याचे ठिकाण हाच महत्त्वाचा पुरावा उरतो. यॉर्कशायरमधील कॉटम येथे शेतात मिळालेल्या टाचण्या, नाणी आणि पट्ट्यांची टोपणे यांमुळे पुरातत्त्वज्ञांचे लक्ष वेधले गेले. १९९० च्या दशकात यॉर्क विद्यापीठाने केलेल्या उत्खननात तेथे अँग्लो-सॅक्सन आणि त्यानंतरच्या व्हायकिंग काळातील वस्तीचे अवशेष मिळाले.

कायद्याची चौकट मात्र प्रामुख्याने धातूवर आधारलेली आहे. १९९६ च्या ‘ट्रेझर अ‍ॅक्ट’नुसार ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू सापडल्यास १४ दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. २०२३ पासून अपवादात्मक महत्त्वाच्या अन्य धातूंच्या वस्तूंनाही हा नियम लागू झाला. तरीही तांब्याचे सर्वसाधारण टोपण त्यात बसत नाही. त्याची नोंद शोधणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. अशा स्वेच्छा नोंदणीसाठी १९९७ मध्ये ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ सुरू झाली. तिच्या संग्रहात आज १५ लाखांहून अधिक वस्तूंची माहिती आहे.

भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे आवश्यक ठरवले. येथे निकष धातूचा नसून मूल्याचा आहे.

वस्तूचे मूल्य नंतरही ठरवता येते. परंतु ती जेथून उचलली ती जागा त्याच वेळी नोंदवली नाही, तर ती माहिती बहुधा कायमची नष्ट होते.