येऊरचा भुत्या आणि गोळीतला डिंक

ठाण्यातल्या वर्तकनगरातून येऊरचा चढ लागला, की पानगळीनंतर पांढऱ्या सालीचं एक झाड डोळ्यांत भरतं. चांदण्यात ते भुतासारखं उभं राहतं म्हणून भुत्या. कुणी कांडोळही म्हणतात. कडाया डिंक याच जातीच्या झाडाचा. (येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं. डिंकासाठी खाच मारायला जाऊ नका.) असे डिंक औषधांसाठी ‘सुधारून’ पॉलिमर म्हणून वापरतात म्हटलं, की लगेच विचारणा होते, "म्हणजे गोळीत प्लास्टिक?"

पॉलिमर म्हणजे प्लास्टिक नव्हे. छोट्या रेणूंची लांबलचक माळ म्हणजे पॉलिमर. डिंक, गवार गम, चिंचोक्याची खळ या सगळ्या शर्करेच्या माळा, वनस्पतींनीच ओवलेल्या. कारखान्यात मण्यांना चिकटलेले गट बदलतात किंवा माळेला नव्या साखळ्या जोडतात.

घरीच पाहा. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात ठेवला तर विरघळतो. कडायाचा खडा मात्र फुगून थलथलीत होतो, पण विरघळत नाही, कारण त्याच्या माळेला ॲसिटिल गट चिकटलेले असतात. अल्कलीने ते काढले की तोच कडाया विरघळू लागतो. जुन्या कडायाला व्हिनेगरसारखा वास येतो, तोही हे गट आपोआप सुटू लागल्यामुळे.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समज मला जास्त घातक वाटतो. कच्च्या डिंकात साल, माती, जंतू असतात. झाड आणि हंगाम बदलला की चिकटपणाही बदलतो. 1990 च्या सुमारास अमेरिकेत वजन घटवण्यासाठी विकलेल्या गवार गमच्या गोळ्या अन्ननलिकेत फुगून अडकल्या. त्या बाजारातून काढाव्या लागल्या. अर्थात प्रक्रिया केली म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. डिंकावर ॲक्रिलामाइडच्या साखळ्या जोडल्या, तर न जोडलेलं ॲक्रिलामाइड मागे राहतं. ते विषारी, म्हणून ते धुऊन काढून तपासावंच लागतं.

आणि ‘मोठी गोळी कुटून घेतली तर काय बिघडतं?’ बिघडतं. दिवसभर पुरणाऱ्या अनेक गोळ्यांत असा फुगणारा पॉलिमर असतो. पोटात गोळीभोवती बुळबुळीत थर धरतो आणि त्यातून औषध हळूहळू झिरपतं. कुटलीत की थर गेला, दिवसभराचं औषध एकदम अंगात. पाकिटावर एसआर किंवा ईआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असं लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारल्याशिवाय ती गोळी तोडू नका, चावू नका.