मोजणीची साखळी आपल्या हाती कधी येणार?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत दहावी-बारावीनंतर आपल्या मुलांपुढे ठरावीक वाटा असतात. कुणी बी.ए. करून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतो, कुणी पोलीस भरतीसाठी पळतो, कुणी पुण्याला कंपनीत कंत्राटी कामाला जातो. समाजात काम करताना आम्ही पालकांना नेहमी विचारतो, "आयटीआयमध्ये कोणते ट्रेड असतात?" उत्तर येते : फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर. सर्व्हेअर म्हणजे भूमापक या ट्रेडचे नाव क्वचितच कुणी घेते. म्हणून हा लेख.

भूमापकाचे काम काय? जमिनीवरचे अंतर, कोन आणि उंची मोजायची आणि त्यावरून नकाशा तयार करायचा. पूर्वी हे काम साखळीने होत असे. आपल्याकडची शंकू साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच १ गुंठा. असे ४० गुंठे झाले की १ एकर. आज साखळीच्या जागी टोटल स्टेशन, उपग्रहाच्या आधारे चालणारे रोव्हर आणि ड्रोन आले आहेत. यंत्र बदलले तरी त्यामागचे गणित भूमिती आणि त्रिकोणमितीचेच आहे.

आयटीआयमधील सर्व्हेअर ट्रेड २ वर्षांचा आहे. त्यासाठी गणित व विज्ञान घेऊन दहावी उत्तीर्ण असावे लागते. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. प्रत्येक संस्थेत हा ट्रेड नसतो. त्यामुळे विकल्प भरताना जिल्ह्याबाहेरच्या संस्थाही पाहाव्यात. अभ्यासक्रमात साखळी, होकायंत्र, थिओडोलाइट, लेव्हल, टोटल स्टेशन आणि संगणकावरील नकाशाकाम शिकवतात. ट्रेड पूर्ण झाल्यावर शिकाऊ उमेदवारी करता येते किंवा पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशासाठी अर्ज करता येतो. म्हणजे आयटीआय केल्याने पुढच्या शिक्षणाची वाट बंद होत नाही.

नोकरी कुठे? पहिले ठिकाण भूमी अभिलेख विभाग. तिथल्या भूकरमापक पदासाठी २०२१ च्या जाहिरातीत स्थापत्य डिप्लोमा किंवा दहावीसह २ वर्षांचा सर्व्हेअर ट्रेड ही पात्रता होती, सोबत टंकलेखनाची अट होती. दुसरे ठिकाण रस्ते, रेल्वे आणि सिंचनाची कामे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचे काम सुरू आहे. अशा प्रत्येक प्रकल्पात आखणीपासून भूसंपादनाच्या संयुक्त मोजणीपर्यंत भूमापक लागतो.

तिसरे ठिकाण खाणी. मराठवाडा बहुतांश काळ्या बेसाल्टचा आहे. नांदेडच्या देगलूर-बिलोली पट्ट्यात ग्रॅनाइटही सापडतो. इथे कोळशाच्या खाणी नाहीत, पण दगडाच्या खाणी आणि खडी क्रशर आहेत. किती दगड काढला हे ब्रासमध्ये मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. खाणीची मोजणी करून खड्ड्याचे घनफळ काढले की परवानगीपेक्षा जास्त उत्खनन झाले का ते कळते, आणि सरकारचे स्वामित्वधन त्यावरच ठरते. मोठ्या खाणी मात्र विदर्भात आहेत. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी चंद्रपूर, नागपूर व यवतमाळ जिल्ह्यांत, मॉइलच्या मँगनीज खाणी नागपूर-भंडाऱ्यात आणि सुरजागडची लोहखनिज खाण गडचिरोलीत आहे.

खाणीत भूमापक म्हणून जबाबदारी घ्यायची तर केवळ आयटीआय पुरत नाही. त्यासाठी धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र मिळवावे लागते. ते दोन प्रकारचे असते : फक्त उघड्या खाणींपुरते आणि भूमिगत खाणींनाही चालणारे. नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात खाणकाम व खाण सर्वेक्षणाचा डिप्लोमा आहे. ज्याला याच क्षेत्रात जायचे आहे त्याने तोही विचारात घ्यावा.

एवढी अट कशाला? कारण खाणीत नकाशा चुकला तर माणसे मरतात. अमेरिकेतील क्वेक्रीक कोळसा खाणीत जुलै २००२ मध्ये कामगारांनी शेजारच्या बंद खाणीची भिंत फोडली आणि तिथले साचलेले पाणी आत घुसले. त्यांच्याकडचा जुन्या खाणीचा नकाशा अद्ययावत नव्हता. ९ कामगार अडकले. तीन दिवसांहून अधिक काळाने ते वाचले. सगळीकडे असे नशीब साथ देत नाही.

मुलींसाठीही ही वाट आहे. भूमिगत खाणीत स्त्रियांच्या कामावर दीर्घकाळ बंदी होती. २०१९ च्या अधिसूचनेने तांत्रिक, पर्यवेक्षी व व्यवस्थापकीय पदांवर दिवसा भूमिगत काम करण्याची मुभा काही अटींसह मिळाली.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. खाण कामगारांचे प्रश्न त्यांच्याच खात्याकडे होते. १९४३ मध्ये त्यांनी धनबाद परिसरातील कोळसा खाणींना भेट दिली आणि १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधी उभा राहिला. त्याआधी, ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी केवळ कला व कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्य समाजाचे भागणार नाही, विज्ञान व तंत्रज्ञानाचे शिक्षण हवे, असे मांडले. सरकारी छापखाने व रेल्वे कारखान्यांत आपली मुले शिकाऊ म्हणून घ्यावीत, अशी मागणीही केली होती. आपण बाबासाहेबांचा वकील म्हणून अभिमान बाळगतो, हा भाग मात्र फारसा सांगत नाही.

मोजणी आपल्यासाठी नोकरीपुरती नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून मराठवाड्यातील गायरानाच्या लढ्यापर्यंत आपला प्रश्न जमिनीचाच आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. पण कसणारा एका जागी आणि कागदावरचा गट क्रमांक दुसऱ्या जागी असेल तर हक्क सिद्ध करणे अवघड जाते. अशा वेळी टिपण, गटनकाशा आणि खासरा पत्रक वाचू शकणारा एक जण वस्तीत असेल, तर कुटुंबाला प्रत्येक कागदासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

आता काय करावे? दहावीच्या निकालाआधीच जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र तयार ठेवा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या आहेत. पण केंद्र सरकारच्या भरतीसाठी दाखला केंद्रीय नमुन्यात लागतो. तो ऐनवेळी मिळत नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा. ज्या मुलांना वसतिगृह मिळत नाही त्यांनी स्वाधार योजनेची पात्रता समाजकल्याण कार्यालयात तपासावी.

आणि कार्यकर्त्यांना एक विनंती. आठवी-नववीच्या मुलांसाठी विहारात रविवारी गणिताचा वर्ग सुरू करा. या ट्रेडच्या दारावर खरी अडवणूक होते ती गणितात. वर्गासाठी फळा, खडू आणि गणित येणारा एक तरुण पुरेसा आहे. तो तरुण आपल्याच वस्तीत आहे, त्याला बोलवा.

जय भीम.