पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि जिवाणूचे वाण

पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीतला माणूस महिनोन्‌महिने जळजळीच्या गोळ्या खातो, शेवटी रक्त तपासायला देतो आणि रिपोर्ट येतो: एच. पायलोरी आयजीजी पॉझिटिव्ह. घरचे विचारतात, म्हणजे पोटात जंतू आहे ना? नुसत्या त्या कागदावरून याचे उत्तर देता येत नाही.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराच्या अस्तरावर राहणारा जिवाणू. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये पर्थला तो प्रयोगशाळेत वाढवला. अल्सरशी त्याचे नाते दाखवल्याबद्दल २००५ चे नोबेल त्यांना मिळाले. रक्तचाचणी मात्र या जिवाणूला पाहतच नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे (आयजीजी) ती शोधते. किटमधल्या प्लेटवर जिवाणूची प्रथिने चिकटवलेली असतात. रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडे त्यांना धरून बसली की रंग उमटतो आणि रंगाच्या गडदपणावरून आकडा ठरतो.

पण ही प्रथिने कुठल्या जिवाणूची? भातात जया, रत्ना असे वाण असतात, तसे या जिवाणूचेही आहेत, आणि त्यांच्यातला फरक किरकोळ नाही. १९९९ मध्ये दोन वाणांचे जीनोम ताडून पाहिले, तेव्हा प्रत्येकातली सहा-सात टक्के जनुके दुसऱ्यात आढळलीच नाहीत. ‘कॅगए’ हे महत्त्वाचे प्रथिन काही वाणांत नसतेच. असते तिथेही पूर्व आशियातली त्याची घडण पाश्चात्त्य घडणीहून वेगळी. म्हणूनच जपानने आपल्याच रुग्णांच्या जठरातले जिवाणू वापरून किट तयार केले. ते आशियाई म्हणून आपल्याला आपोआप लागू पडेल असेही नाही, कारण भारतीय वाणांतले कॅगए बहुधा पाश्चात्त्य घडणीचे असते.

मग सगळ्या वाणांत सारखी असलेली प्रथिनेच का घेऊ नयेत? कारण त्यांतली काही इतर जिवाणूंतही सापडतात. शेपटीचे प्रथिन घेतले, तर जुलाब करणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरची प्रतिपिंडेही त्याला चिकटू शकतात. म्हणून पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमारेषा स्थानिक लोकांवर तपासूनच ठरवायला हवी. परदेशात आखलेली रेषा इथे तशीच वापरणे मला बरोबर वाटत नाही.

त्यात आपल्याकडे हा संसर्ग बालपणीच होतो. मुंबईतल्या १९९४ च्या एका अभ्यासात विशीच्या आतल्या बहुतेक मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे दिसली होती. औषधाने जिवाणू गेला तरी ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. उपचारानंतर ‘गेला का’ हे पाहायला पुन्हा रक्त देणे म्हणजे गरिबाचे पैसे फुकट घालवणे. आणि जिथे बहुतेकांना संसर्ग असतो, तिथे निगेटिव्ह रिपोर्टकडेही जरा संशयाने पाहावे.

श्वासचाचणीला वाणांच्या या फरकाची अडचण येत नाही. आम्लात तग धरायला या जिवाणूला युरिएज हे विकर (एन्झाइम) लागतेच, मग वाण कोणताही असो. रुग्णाने प्यायलेला युरिया ते फोडते आणि त्यातला खूण केलेला कार्बन श्वासातून बाहेर पडतो. ही सोय जवळ नसेल, तर शौचाच्या नमुन्यातला जिवाणूचा अंश (अँटिजेन) तपासता येतो. दोन्हींच्या आधी डॉक्टरांना विचारून नावाच्या शेवटी ‘प्राझोल’ असलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद ठेवाव्या लागतात. शौचाला डांबरासारखे काळे होत असेल, उलटीत रक्त दिसत असेल किंवा वजन उतरत असेल, तर या चाचण्यांत न अडकता लगेच मोठ्या दवाखान्यात जाऊन दुर्बिणीने जठर तपासून घ्यावे.