सड्यावरच्या मुक्कामाची गाडी : चाळीस वर्षांचा मागोवा

चाळीस वर्षांत मालवणच्या किनाऱ्यावर आडवाटेने फिरायच्या गाड्या कितीतरी बदलल्या, वाटा मात्र फारशा रुंदावल्या नाहीत. सड्यावरून, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरून, समुद्राकडे उतरणाऱ्या अनेक पाणंदी आजही जांभ्याच्या गडग्यांतून वाकत-वळत जातात. म्हणून इथे गाडी निवडताना ताकदीआधी रुंदी बघावी, असं माझं ठाम मत आहे.

१९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला तेव्हा कच्च्या वाटेची गाडी म्हणजे जीप. वर ताडपत्री, आत साधं इंजिन. गावातल्या मेकॅनिकलाही ते खोलता यायचं. पण झोपायची सोय नसल्याने मुक्काम देवळात नाहीतर कुणाच्या तरी खळ्यात पडायचा. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. रुंदी जेमतेम पाच फूट, वजन टनाच्या आत. गडग्याला न घासता ती पाणंदीतून निघायची आणि रुतली तर चार माणसांना ढकलता यायची.

नव्वदच्या दशकात ट्रॅक्स आणि सुमो दिसू लागल्या. मागची आसनं काढून गादी टाकली की दोघांची झोप व्हायची. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. पुढे घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या आणि गाडीत झोपणं ही गरज न राहता हौस झाली.

हौसेबरोबर गाड्याही फुगल्या. २०२० ची थार जवळजवळ सहा फूट रुंद आहे. वजनही दीड टनाच्या वर. गुरखाही तशीच ऐसपैस. पाण्यातून जायला दोन्ही उत्तम, पण अरुंद पाणंदीत समोरून रिक्षा आली की कुणाला तरी पार वरपर्यंत मागे जावं लागतं. २०२१ मध्ये राज्याचं कॅरव्हॅन धोरण आलं. स्वयंपाकघर आणि शौचालय असलेली मोठी गाडी डांबरी रस्त्यावर, सोय असलेल्या तळावर सुखाची. सड्याखाली तिचं काम नाही. २०२३ च्या जिमनीची रुंदी साडेपाच फुटांच्या आत आहे आणि पुढची आसनं मागे पाडली की पाय पसरून झोपताही येतं. एकट्यादुकट्याला या किनाऱ्यावर मला तीच सोयीची वाटते.

गाडी कुठलीही असो, इथे तिचा खरा शत्रू खारा वारा. तांबडा चिखल मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटतो, खारट ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. जुनी गाडी घेताना म्हणूनच आधी खाली वाकून चासी आणि दरवाजांच्या खालच्या कडा तपासाव्यात. फेरीहून आल्यावर तळ गोड्या पाण्याने धुवावा.

आणि चारही चाकांना जोर असला तरी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गाडी घालू नये. वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात; चाकाखाली वाळू दबली की घरटं गेलं. पुळणीवरच्या होड्या आणि रापणीची जाळी ही तर माणसांची रोजीरोटी. गाडी वर सड्यावर, मालकाला विचारून लावावी आणि किनाऱ्यावर पायी उतरावं. एवढं मान्य असेल तर पुळणीसाठी अवजड गाडी घ्यायचं कारणच उरत नाही. पाणंदीत मावणारी, हलकी, गावात दुरुस्त होणारी गाडी पुरते.