हार्डबॉइल्ड कादंबरीचा निवेदक आणि चित्रपटाचा कॅमेरा

अमेरिकेत १९२० मध्ये सुरू झालेल्या 'ब्लॅक मास्क' या मासिकातून जो गुप्तहेर पुढे आला, तो दिवाणखान्यात बसून तर्काने गुन्हा उकलणारा नव्हता, तर रोजाच्या मेहनतान्यावर शहर पालथे घालणारा, मार खाणारा आणि पोलिसांवरही विश्वास न टाकणारा होता. या निबर नायकाच्या कादंबऱ्या हार्डबॉइल्ड म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांवरील चित्रपटांचा कस कथानकापेक्षा निवेदनाच्या प्रश्नावर लागला.

पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत काम केलेल्या डॅशिएल हॅमेट यांची 'द माल्टीज फाल्कन' (१९३०) तृतीयपुरुषी असून सॅम स्पेडच्या मनात कधीच शिरत नाही; त्याची हालचाल, चेहरा आणि बोलणे एवढेच वाचकाच्या हाती लागते. १९३१ आणि १९३६ मधील रूपांतरांना या अलिप्ततेचे मोल उमगले नाही. जॉन ह्यूस्टन यांनी मात्र १९४१ मध्ये, आपल्या पहिल्याच दिग्दर्शनात, संवाद बहुतांशी कादंबरीतलेच ठेवले आणि हम्फ्री बोगार्ट यांच्या स्पेडचे अंतरंग झाकलेलेच राहू दिले.

रेमंड चँडलर यांच्या बाबतीत अडचण निराळी होती, कारण त्यांचा फिलिप मार्लो स्वतःची कथा स्वतःच सांगतो आणि कादंबरीचा खरा आनंद त्या सांगण्यात असतो. एडवर्ड डमिट्रिक यांनी 'मर्डर, माय स्वीट' (१९४४) मध्ये पडद्याआडून बोलणाऱ्या नायकाच्या आवाजाचा आधार घेतला, तर रॉबर्ट माँटगोमेरी यांनी 'लेडी इन द लेक' (१९४७) मध्ये कॅमेऱ्यालाच नायकाचे डोळे बनवले, त्यामुळे मार्लो मुख्यतः आरशातच दिसतो. हा प्रयोग धाडसी होता, पण फसला. प्रथमपुरुषी निवेदनातून वाचकाला नायकाच्या नजरेबरोबर त्याचे मनही मिळते, आणि ते एकट्या कॅमेऱ्याला देता येत नाही. हॉवर्ड हॉक्स यांनी 'द बिग स्लीप' (१९४६) मध्ये पडद्याआडचा आवाज टाळला, परंतु मार्लोला जवळजवळ प्रत्येक प्रसंगात ठेवून प्रेक्षकाचे ज्ञान त्याच्याच ज्ञानापुरते मर्यादित केले. गुंता पुरता सुटत नसूनही चित्रपट पकड घेतो तो यामुळेच, आणि या साऱ्या रूपांतरांत तोच सरस ठरतो.

'द बिग स्लीप'च्या पटकथाकारांपैकी एक असलेल्या ली ब्रॅकेट यांनीच पुढे रॉबर्ट ऑल्टमन यांच्या 'द लाँग गुडबाय' (१९७३) ची पटकथा लिहिली. तिथला मार्लो सत्तरीच्या दशकातील लॉस एंजेलिसमध्ये स्वतःशीच पुटपुटत वावरतो, म्हणजे निवेदकाचा आवाज त्याच्याच ओठांवर येतो. आणि अखेरीस तो मित्राला गोळी घालतो, जे चँडलर यांच्या १९५३ च्या कादंबरीत घडत नाही.