पट्टे मण्यारीचे, कल्ले माशाचे

इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या उथळ समुद्रात वाळूवरून वळवळत जाणारा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा लांबलचक प्राणी दिसला की डायव्हर मागे सरतो. शहाणपणाचंच आहे ते. त्या पाण्यात पिवळ्या ओठांची समुद्री मण्यार असते आणि तिचं विष थेट मज्जासंस्थेवर घाला घालतं. पण असले पट्टे मिरवणारा प्राणी दर वेळी साप असतोच असं नाही. तो मासाही निघतो. हा मासा म्हणजे आपल्या बाजारातल्या वामेची लांबची नातलग. शास्त्रीय नाव मायरिक्थिस कोलुब्रिनस. बोडार्ट या निसर्गशास्त्रज्ञांनी १७८१ मध्ये नोंदवलेली, जेमतेम मीटरभर वाढणारी, बिनविषारी.

खरंखोटं करायचं तर शेपटी बघावी. मण्यारीची शेपटी वल्ह्यासारखी चपटी. या वामेची निमुळती, टणक, टोकाला पर नसलेली. तिच्याच जोरावर ती वाळूत शेपटीकडून घुसते आणि दिसेनाशी होते. अंगावर खवले नाहीत. पाठीवरचा बुटका पर तर डोक्यापासूनच सुरू होतो. वरच्या ओठातून दोन नळ्या खाली डोकावतात, त्या नाकपुड्या. त्यांनी हुंगत ती वाळूतल्या बिळाबिळांत तोंड घालते, खेकडे आणि छोटे मासे शोधते. मण्यारीला श्वासासाठी वर यावंच लागतं. हिला कल्ले आहेत, घाई नाही.

विषारी सापाचं सोंग घेतलं की शिकारी मासे वाटेला जात नाहीत, हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. अडचण तांबड्या समुद्राची. ही वाम तिथेही आहे, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही आहे. समुद्री मण्यार मात्र बंगालच्या उपसागरापासून पूर्वेकडेच सापडते आणि तांबड्या समुद्रात तर एकही समुद्रसाप नाही. जिथे अस्सल नाही तिथे नकलेला कोण भिणार?

एक उत्तर वामेच्या बालपणात असू शकतं. तिची अळी पारदर्शक, पानासारखी चपटी असते आणि प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जाते. पूर्वेला उपयोगी पडलेले पट्टे अशा प्रवासातून पश्चिमेला पोचले असतील. किंवा प्रवाळांच्या ऊनसावलीत शरीराची आकृती मोडून दिसावी, एवढंच या पट्ट्यांचं मूळ काम असेल आणि मण्यारीशी साम्य हा वरचा फायदा. मला दुसरी शक्यताही तितकीच वजनदार वाटते. नकलेची गोष्ट रंगतदार असते, म्हणून आपण तिच्यावर जरा लवकरच विश्वास ठेवतो.